ठाण्याची खाडी आणि जगाचे हवामान करार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऐरोलीत राहते. खाडीकाठच्या सोसायट्यांत, महिला मंडळांत आणि शाळांत हवामान बदलावर बोलायला जाते, त्याला आता बरीच वर्षं झाली. विषय जगाचा असला तरी लोक विचारतात ते दाराबाहेरचं, आणि तेच बरं आहे. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवते.

ताई, करार होतात पॅरिसला नि दुबईला. ऐरोली-घणसोलीच्या माणसाला त्याचं काय?

माझं माहेर आगरी. आजोबांची भातशेती खारबंदिस्तीतली, म्हणजे खाडीचं पाणी बांधाने अडवून केलेली. बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा मोठा बांध, सगळ्या गावाचा. पावसाआधी त्यावर चिखल चढवायला घरटी एक माणूस जायचाच. ज्याचं शेत बांधापासून लांब, तोही जायचा. कारण खांड कुठेही पडली तरी उधाणाचं पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरणार, आणि एकदा खारं पाणी शिरलं की पुढची काही वर्षं भात धड येत नाही. बांध घालायचा याबद्दल कधी दुमत नसायचं, आजोबा सांगायचे. भांडणं व्हायची ती कोणी किती माती टाकायची यावरून.

हवामान परिषदांमधलं भांडण हेच आहे. कार्बन डायऑक्साइड टेक्सासमध्ये सोडा, शांघायमध्ये सोडा की ठाणे-बेलापूर रस्त्यावर सोडा, तो सगळ्या जगाच्या हवेत मिसळतो आणि त्यातला बराचसा शेकडो वर्षं तिथेच राहतो. समुद्र तापून फुगतो, बर्फ वितळतं, आणि वाढलेलं पाणी आपल्या खाडीतही चढतं. ठाणे किंवा नवी मुंबई शहराने एकट्याने कितीही चांगलं वागायचं ठरवलं तरी हे पाणी थांबणार नाही. म्हणून करार लागतात.

कॉप म्हणजे नक्की काय?

१९९२ साली ब्राझीलच्या रिओ शहरात संयुक्त राष्ट्रांचा हवामान करार सह्यांसाठी खुला झाला, तो १९९४ पासून लागू आहे. त्यात सामील झालेल्या देशांची दरवर्षी सभा भरते, तिला कॉप म्हणतात. १९९७ ला क्योटोमध्ये फक्त श्रीमंत देशांवर कपातीची बंधनं आली. १२ डिसेंबर २०१५ ला पॅरिसमध्ये पहिल्यांदा सगळ्यांनीच काही ना काही करायचं कबूल केलं: तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खाली ठेवायची आणि १.५ अंशांवर रोखायची धडपड करायची. त्यानंतर ग्लासगो, शर्म अल शेख, दुबई, बाकू, आणि २०२५ ला ब्राझीलमधलं बेलें.

तिथे मतदान होत नाही, सगळं सहमतीने ठरतं. म्हणून एका शब्दावर रात्र-रात्र जाते. २०२३ च्या दुबई परिषदेत जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याची भाषा अंतिम निर्णयात आली. कोळसा-तेल-वायू या तिघांबद्दल मिळून एवढं वाक्य लिहायला जवळजवळ तीस वर्षं लागली. लोक याला वेळकाढूपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. दोनशेच्या आसपास देश एका वाक्याला हो म्हणतात, तेव्हा ते वाक्य पुढे न्यायालयात, बँकेत आणि कारखान्याच्या करारात वापरलं जातं.

शब्द पाळला नाही तर शिक्षा काय?

दंड नाही, तुरुंग नाही. पॅरिस करारात प्रत्येक देश आपलं लक्ष्य स्वतः ठरवतो आणि दर पाच वर्षांनी ते आणखी कडक करून जाहीर करतो. हिशोब सगळ्यांसमोर ठेवावा लागतो, एवढाच धाक.

पण २३ जुलै २०२५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर भरपाईचा प्रश्न उभा राहू शकतो. हे प्रकरण सुरू झालं प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांपासून. वानुआतू नावाच्या इवल्याशा देशाने ते संयुक्त राष्ट्रांत उचलून धरलं. शाळेत ही गोष्ट सांगितली की मुलं हमखास नकाशात वानुआतू शोधतात.

भारताने काय कबूल केलं आहे?

२००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत, दर रुपया उत्पन्नामागे होणारं उत्सर्जन ४५ टक्क्यांनी कमी करायचं. विजेच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा करायचा. आणि २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून घ्यायचं. यातलं दुसरं लक्ष्य २०२५ मध्येच, पाच वर्षं आधी गाठलं गेलं, आणि त्याचा मला अभिमान आहे. फक्त क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांत गल्लत करू नका. सौर पॅनल रात्री वीज देत नाही. तुमच्या घरात येणाऱ्या विजेचा मोठा भाग अजून कोळशाचाच आहे.

घाण केली त्यांनी, मग आपण का सोसायचं?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि राग रास्त आहे. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, अमेरिकेत त्याच्या सहा-सात पट. १८५० पासूनचा हिशोब केला तर सगळ्या दक्षिण आशियाचा मिळून वाटा चार टक्क्यांच्या आसपास भरतो. म्हणूनच १९९२ च्या करारातच तत्त्व लिहिलं आहे: जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. ज्याने बांधाची माती आधी आपल्या घरासाठी उचलून नेली, त्याने आता जास्त टोपल्या टाकायच्या.

टोपल्या किती पडल्या? २००९ ला कोपनहेगनमध्ये श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करायचं वचन दिलं. ते पुरं झालं २०२२ ला, तेही बरंचसं कर्जाच्या रूपात. २०२४ ला बाकूमध्ये २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जांचा आकडा ठरला. विकसनशील देशांची मागणी होती १.३ लाख कोटी डॉलरची. ठराव मंजूर झाल्याचा हातोडा पडल्यावर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी उभं राहून सांगितलं की हा दस्तऐवज म्हणजे निव्वळ दृष्टिभ्रम आहे. मला ते बोलणं पटलं. तरीही आपण आपलं काम थांबवावं, असं त्यातून निघत नाही. उधाणाचं पाणी आधी आपल्याच शेतात शिरणार आहे.

आपल्या खाडीला रामसर दर्जा मिळाला म्हणजे काय मिळालं?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घेते, कारण जगाचा करार आपल्या चिखलाला थेट भिडतो तो इथे.

रामसर हे इराणमधलं गाव. २ फेब्रुवारी १९७१ ला तिथे पाणथळ जागांसाठी करार झाला. भारत त्यात १९८२ ला आला. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये राज्याने फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केला आणि २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत गेली. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातली ही तिसरी जागा. नोंद झालेलं क्षेत्र ६,५२१ हेक्टर, म्हणजे अभयारण्याच्या जवळजवळ चौपट.

आता लोक विचारतात, रामसरवाले इथे येऊन भराव थांबवणार का? नाही. त्यांच्याकडे पोलीस नाहीत. पण देशाने जागा यादीत घातली की ती जपायचं वचन जगाला दिलेलं असतं, आणि आपल्याकडे त्या वचनाला कायद्याचे दात आहेत. २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार रामसर जागेत भराव टाकून तिचा वापर बदलणं, अतिक्रमण, नवा उद्योग, कचरा टाकणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं याला मनाई आहे. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल आहे: खारफुटी तोडणं म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला. म्हणून रात्री डंपर आला तर फोटो, वेळ आणि जागेचं लोकेशन यांसह लेखी तक्रार करा, आणि तक्रारीत ‘रामसर क्षेत्र’ हे दोन शब्द घाला. मी स्वतः एकदा तक्रार घेऊन एका कार्यालयात गेले होते. तीन टेबलं फिरवलं, कोणी कागद घ्यायला तयार नाही. रामसर आणि २०१७ चे नियम लिहून तोच कागद पुन्हा नेला, तेव्हा आवक क्रमांक मिळाला. भराव थांबायला पुढे बरेच दिवस गेले, पण सुरुवात त्या क्रमांकापासून झाली.

रामसरची आणखी एक यादी आहे, माँट्रो नोंद. जिथली परिस्थिती बिघडते आहे अशा जागा त्यात जातात. ओडिशाचं चिलिका सरोवर १९९३ ला त्यात गेलं. मग समुद्राकडचं नवं मुख उघडलं, पाण्याचा खारेपणा परत आला, मासळी वाढली, आणि २००२ मध्ये चिलिका नोंदीतून बाहेर आलं. नाव खराब होण्याची भीती कामाला येते, असं मी म्हणते ते यावरून.

पक्ष्यांसाठी देशांनी कशाला बसायचं?

पक्ष्याला पासपोर्ट नाही म्हणून. आपल्याकडे येणारे पाणटिवळे आणि तुतारीसारखे चिखलपक्षी वीण करतात दूर उत्तरेला, सायबेरियापर्यंत. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, बरेचसे कच्छच्या रणातून येतात. मध्य आशियाई उड्डाणमार्ग तीस देशांवरून जातो. मधलं एक तळं बुजलं तरी प्रवास तुटतो. म्हणून स्थलांतरित प्राण्यांचा वेगळा करार आहे, १९७९ चा, आणि त्याची २०२० ची परिषद आपल्याच गांधीनगरात झाली.

वाशी-बेलापूरचे होल्डिंग पॉन्ड डच लोकांनी बांधले का?

होल्डिंग पॉन्ड म्हणजे पावसाचं पाणी तात्पुरतं थांबवायचे तलाव. बांधले सिडकोने, विद्या हॉलंडची. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर भराव घालून उभा आहे. भरती आली की पॉन्डच्या तोंडाची झापड बाहेरच्या पाण्याने मिटते आणि शहरातलं पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की झापड उघडते, पाणी खाडीत जातं. आगऱ्यांच्या बांधातली उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, याच तत्त्वावर चालते. हॉलंडचे शेतकरी आणि आमचे आजोबा एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण समुद्राने दोघांना एकच धडा शिकवला.

अडचण अशी की पॉन्ड गाळाने भरलेत आणि गाळात खारफुटी उगवली आहे. गाळ काढायचा तर झाडं जातात, झाडं ठेवायची तर पाणी साठायला जागा नाही. खारफुटीला हात लावायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. मी खारफुटीच्या बाजूची माणूस आहे, तरी माझं मत असं की पॉन्डचं काम पॉन्डला करू द्यावं आणि खारफुटी खाडीकाठी वाढवावी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तसा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली, तर वाशीच्या तळमजल्यावरच्या घराला पॉन्डच वाचवणार आहे.

अटल सेतूला जपानने कर्ज दिलं. हेही सहकार्यच ना?

हो, आणि त्याला अटी असतात. जपानची जायका ही संस्था कर्ज देताना स्वतःचे पर्यावरणाचे नियम लावते. १२ जानेवारी २०२४ ला खुला झालेला हा २१.८ किलोमीटरचा पूल शिवडीच्या फ्लेमिंगोंच्या चिखलावरून जातो, तिथे आवाज रोखणाऱ्या भिंती आहेत. बुलेट ट्रेनलाही जपानचंच कर्ज आहे, आणि ती आपली खाडी जमिनीखालून, सात किलोमीटरच्या बोगद्यातून ओलांडणार आहे. या पैशाने खाडीचं काहीच बिघडलं नाही असं मी म्हणणार नाही. पण कर्ज देणाऱ्याचे नियम वाचून प्रश्न विचारता येतात. ते जाहीर असतात.

घरातल्या एसीचा जागतिक कराराशी काय संबंध?

फार जवळचा, आणि हीच मला सगळ्यात आशेची गोष्ट वाटते.

पुढच्या वेळी मेकॅनिक गॅस भरायला आला की त्याच्या सिलिंडरवरचा आकडा बघा: आर-२२, आर-४१०ए किंवा आर-३२. जुन्या एसीतला आर-२२ ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या कुटुंबातला. १९८७ च्या माँट्रियल कराराने त्या कुटुंबाला हद्दपार करायचं ठरवलं. जगातला प्रत्येक देश त्यात आहे. श्रीमंत देशांनी वेगळा निधी काढून गरीब देशांच्या कारखान्यांना यंत्रं बदलायला पैसे दिले, आणि ओझोनचा थर आता भरून येतो आहे. मग कळलं की बदली आलेले वायू ओझोनला धक्का लावत नाहीत, पण उष्णता भयंकर धरून ठेवतात. आर-४१०ए कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पट. म्हणून २०१६ ला किगालीत दुरुस्ती झाली. त्यानुसार भारत २०२८ ला या वायूंचा वापर गोठवेल, २०३२ पासून कमी करत नेईल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करेल. आर-३२ ची उष्णता धरण्याची ताकद आर-४१०ए च्या तिसऱ्या हिश्श्याइतकी आहे.

तुमचं काम एवढंच: गळती असेल तर नुसता गॅस टॉपअप करून घेऊ नका, आधी गळती शोधायला लावा. जुना एसी काढताना गॅस हवेत सोडू देऊ नका, सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगा.

वागळे इस्टेटमध्ये माझं नट-बोल्टचं युनिट आहे. युरोपचं गिऱ्हाईक कार्बनचा आकडा मागतंय. देऊ का?

द्या, आणि लवकर द्या. युरोपियन युनियनने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत वगैरे मालावर, तो बनवताना झालेल्या उत्सर्जनानुसार, सीमेवर कार्बनची किंमत लावायला घेतली आहे. ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून येणाऱ्या मालावर पैसे लागू झाले, प्रत्यक्ष भरणा २०२७ पासून. नट, बोल्ट, स्क्रू त्यात येतात. पैसे भरणार तिकडचा आयातदार, पण तुमच्याकडून खरा आकडा मिळाला नाही तर तो सरकारी ठोकळ आकडा धरतो. तो बहुधा चढा असतो आणि भाव पाडायला वापरला जातो. वर्षाला ५० टनांहून कमी माल आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे, ते आधी विचारून घ्या.

हा आकडा काढायला लोक वीजबिलं घेऊन बसतात. पोलादाच्या मालाला सध्या विजेचं उत्सर्जन धरत नाहीत. मोठा वाटा तुम्ही विकत घेता त्या वायर रॉडचा असतो. तेव्हा पुरवठादाराकडून दर टनामागचा आकडा लेखी मागा आणि भट्टीच्या इंधनाची नोंद ठेवा. हा कर गरीब देशांवर अन्याय आहे, असं भारताचं म्हणणं आहे आणि मलाही तसंच वाटतं. पण ऑर्डर या महिन्यात जाईल, वाद पुढची कित्येक वर्षं चालेल.

उन्हाळ्याचं काय? त्यावर कोणता करार आहे?

उन्हावर करार नाही. पण एका शहराने दुसऱ्याकडून शिकणं हेही सहकार्यच. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने परदेशी विद्यापीठं आणि संस्थांच्या मदतीने २०१३ ला उष्णता कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. तो पाहून मग इतर शहरांनी केले. ठाण्याचाही आहे.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात भर दुपारी उघड्यावर बसलेल्या लोकांपैकी काही जण उष्माघाताने गेले. त्या महिन्यातली भारत-बांगलादेशातली दमट उष्णता हवामान बदलामुळे किमान ३० पट अधिक संभवनीय झाली होती, असं अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांनी मिळून केलेल्या अभ्यासात निघालं. आपल्याकडे पारा ३८ दाखवतो आणि आपण ‘विदर्भापेक्षा बरं’ म्हणतो. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही, हे विसरतो. कार्यक्रम ठरवणाऱ्यांनो, एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार उघड्यावर माणसं बसवू नका. हे मी हात जोडून सांगते.

अमेरिका बाहेर पडली, मग सगळं संपलं ना?

नाही. ती पॅरिस करारातून २०२० ला बाहेर पडली होती, २०२१ ला परतली, जानेवारी २०२५ ला पुन्हा निघण्याचा आदेश निघाला. नुकसान खरं आहे, विशेषतः पैशाचं. पण सौर पॅनल तिच्या सहीने स्वस्त झालेलं नाही आणि तिच्या सहीवाचून महागही होणार नाही.

परदेशी निधी आमच्या कोळीवाड्यापर्यंत पोचतो का?

थोडा, आणि अजून आपल्या बाजूला नाही. दक्षिण कोरियातून चालणाऱ्या हरित हवामान निधीने २०१८ ला आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी ४.३४ कोटी डॉलर मंजूर केले. खारफुटी परत लावणं, खेकडापालन अशी कामं त्यात आहेत, आपल्याकडे सिंधुदुर्गासारख्या किनारी भागात. दिवाळे, सारसोळे, चेंदणीच्या कोळ्यांनी हे मागायला हवं. खाडीतला जिताडा मासा कमी झाला, चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, बिळात आकडी घातली की प्लॅस्टिकची पिशवी निघते, हे मी स्वतः उभं राहून पाहिलं आहे. अर्ज मच्छीमार सोसायटीच्या ठरावाने कांदळवन (खारफुटी) विभागाकडे करा. एकेकट्याच्या अर्जापेक्षा ठरावाला वजन असतं.

मुलांना फ्लेमिंगो दाखवायचे आहेत. कधी जावं?

साधारण डिसेंबर ते मे. आधी भरतीची वेळ बघा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट भरतीच्या हिशोबाने सुटते, म्हणून फोन करून जा. खाडीत पाणी चढलं की चिखल बुडतो आणि पक्षी नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन एका पायावर उभे राहतात. तिथे काठावरून, बोट न घेताही छान दिसतात. भडक कपडे नकोत, ड्रोन अजिबात नको. दुर्बीण नसेल तर शेजारी आलेल्या पक्षीनिरीक्षकाकडे मागा, सहसा कोणी नाही म्हणत नाही.